तैलरंगातलं व्यक्तिचित्र: आधी उजेड, मग रंग

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळवलेली माणसंसुद्धा पहिल्या तैलरंगी व्यक्तिचित्रात अडकतात. डोळे जमले नाहीत, ओठ बिघडले, असं ती सांगतात. चित्र जरा लांबून पाहिलं तर डोळे ठीकच असतात, बिघाड त्याच्या बराच आधीचा असतो. मॉडेलवर खिडकीचाही उजेड पडलेला असतो आणि ट्यूबलाइटचाही, त्यामुळे नाकाला दोन सावल्या. सावली कुठे संपते ते ठरलेलं नाही, म्हणून गालाला गोलाई नाही, आणि गोलाई येत नाही म्हणून रंग घोटणं चालू. चेहऱ्याचं साम्य आणि कातडीचा जिवंतपणा, दोन्ही उजळ-गडदाच्या हिशेबातून येतात. रंग त्या हिशेबावर चढतो. म्हणून ट्यूब उघडायच्या आधीच इथे बरंच सांगायचं आहे.

एकच उजेड

जुन्या पुस्तकांत उत्तरेची खिडकी घ्या असं लिहिलेलं असतं. ती पुस्तकं युरोपातली, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. मुंबई 19 अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो-मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला सरकून. म्हणजे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरीप येते. दुपारी छज्जा ऊन अडवतो. त्यामुळे उन्हाळ्यात दहा ते तीन ही वेळ धरा आणि खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेची खिडकी खरोखर दिवसभर शांत असते. शिकायला सुरुवात करायची तर तेच महिने बरे.

दुसरी भानगड समोरच्या इमारतीची. चाळीस फुटांवरची पिवळी भिंत दुपारी आपल्या खोलीत पिवळा उजेड फेकते. गुलमोहर असला तर हिरवट. पावसाळ्यात समोरच्या गच्चीवर निळी ताडपत्री चढली की सावळ्या कपाळावरचा हायलाइट चक्क निळा होतो, आणि चित्रकार आपल्या पॅलेटला दोष देत बसतो. खोलीच्या भिंती गुलाबी किंवा पोपटी असतील तर मॉडेलच्या सावलीच्या बाजूला, दोन-तीन फुटांवर, राखाडी किंवा काळी चादर टांगा. सावली एकदम स्वच्छ दिसू लागते.

ऑफिसहून आल्यावर रात्रीच वेळ मिळणाऱ्यांनी खिडकीचा नाद सोडावा. एक एलईडी घ्या, 5000 केल्विनच्या आसपासचा (म्हणजे दिवसासारखा पांढरा), खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 किंवा जास्त लिहिलेला. साधे स्वस्त बल्ब लाल रंग मारतात आणि कातडीत लालच महत्त्वाचा. दिवा मॉडेलच्या डोक्यापेक्षा दोन-तीन फूट उंच आणि बाजूला 45 अंशांवर ठेवा. कॅनव्हास आणि पॅलेटवर त्याच जातीचा दुसरा दिवा हवा, पण त्याचा उजेड चेहऱ्यावर जाऊ देऊ नका. कॅनव्हासवर पिवळा बल्ब आणि चेहऱ्यावर पांढरा, असं झालं तर सकाळी चित्र निळं-जांभळं दिसतं.

उजेड बरोबर लागला की नाही, ते नाकावरून कळतं. नाकाची सावली गालाकडे तिरकी उतरून ओठाच्या थोडी वर थांबली पाहिजे, आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एखादा तुकडा राहिला पाहिजे. चेहऱ्याचा उजेडातला भाग सावलीतल्यापेक्षा मोठा ठेवा. अर्धा-अर्धा भाग केला तर चित्र कापल्यासारखं दिसतं.

मॉडेल सहा ते आठ फुटांवर. वन रूम किचनमध्ये एवढी जागा मिळत नाही, तेव्हा स्वतः दारात उभं राहून पाहायचं आणि पुढे येऊन रंगवायचं. मॉडेलचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर यावेत म्हणून खुर्ची पाटावर किंवा दिवाणावर चढवावी लागते. खुर्चीचे पाय आणि तुमच्या उभं राहण्याची जागा खडूने आखून घ्या. वीस मिनिटं बैठक आणि पाच मिनिटं विश्रांती, अशा सहा फेऱ्यांत अडीच तास होतात. व्यक्तिचित्रणाची जाहीर प्रात्यक्षिकं साधारण एवढ्याच वेळात उरकतात, पण नवशिक्याने एका चित्राला अशा तीन-चार बैठकी द्याव्यात.

सामान

फोर्ट आणि दादरच्या आर्ट मटेरियलच्या दुकानांत सगळं मिळतं, मात्र यादी घरूनच करून जा. रंग सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हर्मिलियन, अलिझरीन क्रिमझन, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू. पांढरा बाकीच्यांच्या तिप्पट लागतो, त्याची मोठी ट्यूब घ्या. झिंक व्हाइट स्वस्त वाटला तरी व्यक्तिचित्राला नको, त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होऊन तडकतो. ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब उचलू नका. त्या गुलाबी रंगाची कातडी गिरगावात सोडा, कुठेच नसते.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे किंवा टोकाला गोलसर, 4, 6, 8 आणि 10 नंबरचे. प्रत्येकी दोन असतील तर एक उजेडासाठी, एक सावलीसाठी. बारीक कामाला सिंथेटिक 2 नंबरचा गोल ब्रश एकच. एक पॅलेट नाइफ. पॅलेट पांढरं नको. काचेखाली राखाडी कागद ठेवला की रंग खरा दिसतो.

तेलाबाबत काटकसर महागात पडते. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल लाकडासाठी असतं, चित्रात ते लवकर काळवंडतं. तिथलंच टर्पेंटाइन बहुधा खनिज असतं. ब्रश धुवायला चालतं, रंगात मिसळायला आर्ट मटेरियलचं शुद्ध घ्यावं. रॉकेल दोन्हींना नको. खोलीत खिडकी उघडी हवी आणि टर्पेंटाइनच्या बाटलीला झाकण. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि दाबून ठेवलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पाणी भरलेल्या डब्यात टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

पहिली पाच-सहा चित्रं 12×16 इंचाच्या कॅनव्हास बोर्डवर करा. तयार बोर्ड फार शोषतो, म्हणून जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, एक हात द्या, वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. मग बर्न्ट अंबर आणि किंचित निळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि लगेच फडक्याने पुसून काढा. राहील तो मधला राखाडी-तपकिरी टोन (टोन म्हणजे रंग किती उजळ, किती गडद ती पातळी). शुभ्र पांढऱ्यावर कुठलाही रंग गडदच वाटतो आणि मग माणूस सगळा चेहरा फिका रंगवून ठेवतो. हा हात रात्रभर वाळू द्या.

रेखाटन

पेन्सिल वापरू नका. तैलरंग वर्षांनुवर्षं पारदर्शक होत जातो आणि शिशाची रेघ वर दिसू लागते. पातळ बर्न्ट अंबर आणि 4 नंबरचा ब्रश पुरे. चुकलं की टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं.

12×16 वर हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत सात इंच घ्या. खऱ्या डोक्याची उंची साधारण नऊ इंच असते. त्याहून मोठं काढलं तर चेहरा अंगावर येतो. आधी फक्त चार खुणा: डोक्याचा माथा, हनुवटी, डावी कड, उजवी कड. ब्रशचा दांडा हात ताठ धरून चेहऱ्याशी लावा, एक डोळा मिटा, रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. ही चौकट चुकली तर पुढचं सगळं चुकतं, तेव्हा इथे दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

मग ठोकताळे. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, कपाळ आणि केस मिळून अर्ध डोकं होतं. नवशिके डोळे हटकून वर काढतात, कारण कपाळात त्यांना बघण्यासारखं काही दिसत नाही. केस सुरू होतात तिथून भुवई, भुवईपासून नाकाचं बूड आणि नाकापासून हनुवटी हे तीन भाग जवळपास सारखे. ओठांची फट नाक-हनुवटीच्या अंतराच्या वरच्या तिसऱ्या भागावर. कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या दरम्यान. हे सगळं सरासरी माणसाचं. तुमचा मॉडेल या मापाला जिथे धरून नाही, तिथे त्याचं साम्य आहे.

गवंड्याचा ओळंबा इथेही कामाला येतो. दोऱ्याला किल्ली बांधून डोळ्यांसमोर धरा. डोळ्याचा आतला कोपरा कुठे येतो, नाकपुडीची कड त्याच्या आत की बाहेर, ओठाचा कोपरा कशाखाली, मानेचा खळगा हनुवटीच्या कुठल्या बाजूला. डोकं जरा कललेलं असेल तर ही एक उभी रेषा अर्धा तास वाचवते.

दोनच टोन

आता डोळे किलकिले करा. बारकावे गळून चेहरा दोन तुकड्यांत दिसेल, उजेड आणि सावली. अंबर आणि निळ्याच्या पातळ मिश्रणाने सावलीचा सगळा तुकडा एका टोनमध्ये भरा. डोळ्यांच्या खोबण्या, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग, मान, सगळं एकमेकांना जोडून. केस गडद असतील तर तेही त्यातच. उजेडाचा भाग बोर्डचा राखाडी तसाच सोडा.

या टप्प्यावर दहा फूट मागे जा. साम्य आताच दिसलं पाहिजे. सावलीचा आकार चुकला असेल तर पापण्यांनी काही सुधारत नाही. आरशात चित्र आणि मॉडेल दोन्ही एकदम बघा, किंवा फोनने फोटो काढून उलटा करा. वाकडा जबडा लगेच पकडला जातो. पार्श्वभूमीही आताच पातळ भरून टाका. ती शेवटी भरायची ठेवली तर चेहऱ्याचे सगळे टोन पुन्हा बदलावे लागतात, शिवाय डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड उरते.

कातडीचे ढीग

ब्रशने एकेक ठिपका मिसळत बसण्याऐवजी आधी नाइफने ढीग करून घ्या. गव्हाळ वर्णाच्या मधल्या टोनसाठी ऑकर बोराएवढा, पांढरा तेवढाच, बर्न्ट सिएना त्याच्या निम्मा आणि निळा मुगाच्या दाण्याएवढा. निळा आधी कमीच घ्या, तो सगळ्यांना गिळतो. सावळ्या वर्णासाठी बर्न्ट सिएना बोराएवढा, ऑकर निम्मा, पांढरा हरभऱ्याएवढा, निळा वाटाण्याच्या अर्ध्याएवढा. हा झाला मधला ढीग. त्यातून अर्धा बाजूला काढून पांढरा आणि ऑकर वाढवला की उजळ ढीग, अंबर आणि अलिझरीन घातलं की अर्धछायेचा. सावलीसाठी अंबर, सिएना आणि निळा, पांढरा अजिबात नाही.

ढीग बरोबर आहे का ते असं तपासा: नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन, हात लांब करून, मॉडेलच्या गालाच्या रेषेत धरा. उजळ आहे की गडद, हा प्रश्न आधी. लालसर की पिवळट, हा नंतर.

कपाळ पिवळट, मधला पट्टा (गाल, नाक, कान) तांबूस, आणि दाढीच्या माणसाचा जबडा निळसर-राखाडी. ज्या ढिगाने कपाळ रंगवलं त्यातच व्हर्मिलियनचा थेंब घालून गाल, आणि निळा-अंबर घालून जबडा. टोन मात्र तोच ठेवा. सावळ्या कातडीचा सगळ्यात भरलेला रंग उजेड आणि सावलीच्या सीमेवर दिसतो, हायलाइटमध्ये नव्हे. कपाळावरचा हायलाइट म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब, त्यामुळे तो थंड, थोडा निळसर पांढरा, छोटा आणि कडेला तुटक. सावळा गाल उजळ करायला नुसता पांढरा घातला की खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतं. पांढऱ्याबरोबर थोडा ऑकर किंवा व्हर्मिलियन जायलाच हवा.

सावलीतून उजेडाकडे या. सावलीत रंग पातळ, उजेडात जाड. पहिला हात फक्त टर्पेंटाइनने, दुसऱ्याला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवसाचं तेल, तिसऱ्याला निम्मं-निम्मं. हा क्रम उलटा झाला तर खालचा तेलकट थर वरच्यानंतर वाळतो, हलतो आणि वरचा तडकतो. एक फटकारा मारला की ब्रश उचला. मऊ ब्रशने फिरवून फिरवून गुळगुळीत करायची खोड लागली की चेहरा प्लास्टिकचा होतो, आणि उजेडाचा ब्रश सावलीत गेला की चिखल. चिखल झालाच तर त्यावर रंग थापू नका. नाइफने खरवडून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा मारा.

डोळे, नाक, ओठ, कुंकू

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. कपाळाच्या उजळ टोनपेक्षा तो बहुधा गडदच, त्यात वरच्या पापणीची सावली पडलेली. बुबुळ वरून पापणीने झाकलेलं असतं. पूर्ण गोल काढलं की माणूस घाबरलेला दिसतो. चकाकीचा ठिपका प्रत्येक डोळ्यात एकच, दोन्हींत एकाच बाजूला, सगळ्यात शेवटी.

नाकाला कडेच्या रेषा नकोत. उजेडाची बाजू गालात विरते, सावलीची बाजू दिसते, एवढ्यावर नाक उभं राहतं. वरचा ओठ खाली कललेला असल्याने गडद, खालचा उजळ. मधली फट कोपऱ्यांत गडद आणि मध्ये पुसट. हसरं तोंड रंगवायचा मोह पहिली दहा चित्रं टाळा, दात एकेक मोजून काढले की हसू जातं.

कुंकू हा आपला खास प्रश्न आहे, परदेशी पुस्तकांत त्याचं उत्तर नाही. ते कपाळाच्या गोलाईवर बसलेलं असतं, म्हणून चेहरा वळलेला असेल तर लंबगोल होतं, आणि उजेड-सावली कपाळासारखीच घेतं. सपाट लाल ठिपका चित्राच्या बाहेर तरंगतो. नथीचे मोती गालाच्या टोनचेच काढा, फक्त एक टोकदार हायलाइट. सोन्याला पिवळी ट्यूब लागत नाही. अंबर, ऑकर आणि एक जाड उजळ ठिपका, बस्स. तेल लावलेल्या काळ्या केसांची चकाकी निळसर, आणि केसांची कपाळाकडची कड ओली असतानाच कातडीच्या रंगात मिसळा. विग बसवल्यासारखे केस दिसतात ते ही कड कडक राहिल्याने. चष्मा शेवटी, आणि फ्रेम सगळी न काढता जिथे दिसते तेवढीच. फ्रेमची गालावरची सावली विसरू नका. नंबर जास्त असेल तर काचेतून गालाची कड आत किंवा बाहेर सरकलेली दिसते, ती तशीच काढा.

अडलं की म्युझियममध्ये जा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं आणि पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ही चित्रकारांची पिढी त्या वळणातूनच आली. त्या काळातलं कुठलंही व्यक्तिचित्र समोर आलं की आधी दहा फुटांवरून आणि मग हातभर अंतरावरून बघा. सावलीतल्या डोळ्यात किती कमी रंगवलंय, ते मोजा.

पावसाळा

जूनपासून रंग वाळायला वेळ घेतो. अंबर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, अलिझरीन आणि जाड पांढरा आठवडाभर तरी ओला. ओल्या हवेत त्यात भर पडते. ताणलेला कॅनव्हास सैल पडला की मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकण्याचा मोह होतो. हळूच, एकेक टिचकी. हवा कोरडी झाली की कापड पुन्हा ताणतं आणि तेव्हा जास्त ठोकलेल्या पाचरी महागात पडतात. चित्र बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे बोटभर जागा सोडा, नाहीतर कापडाला बुरशी धरते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकणं तर सगळ्यात वाईट. तिथे बुरशीही लागते आणि अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. गडद भाग वाळल्यावर निस्तेज झाले असतील तर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात बोटाने चोळून जास्तीचं पुसून घ्या, रंग पुन्हा दिसतो. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, कोरड्या दिवसात. पावसाळ्यात लावलं तर त्यावर दुधाळ साय धरते.

हार घातलेल्या फोटोवरून

थोडा हात बसला की पहिली ऑर्डर बहुधा अशीच येते: आजोबांचा जुना स्टुडिओतला फोटो, समोरून फ्लॅश, चेहऱ्यावर सावलीच नाही. त्यावरून हुबेहूब काढलेलं चित्र फोटोइतकंच सपाट होतं. घरातला तसाच हाडापेराचा माणूस, मुलगा किंवा पुतण्या, त्याच कोनात एका दिव्याखाली बसवा आणि सावलीचा आकार त्याच्यावरून घ्या, मापं फोटोवरून. नवीन फोटो काढायचा असेल तर फोन हातभर अंतरावर नेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान होतात. सहा-सात फूट मागे जाऊन झूम करा, चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी सगळी बटणं बंद ठेवा.

आणि रेखाटनाआधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे बघा. पुरुषाच्या शर्टाची बटणं त्याच्या उजव्या पट्टीवर असतात, काजं डाव्या. बाईचा पदर डाव्या खांद्यावर, अर्थात गुजराती पद्धतीने नेसली असेल तर उजव्यावरून पुढे. सेल्फी बऱ्याच फोनांत आरशासारखी साठते. भांग कुठल्या बाजूला होता आणि तीळ कुठल्या गालावर, हे घरच्यांना विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवा.